सिंहाला ‘या, बसा’

सिंहाला ‘या, बसा’ म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझाच नवरा निघाला. थापा मारत नाहीये. मुलगा, सून, नात, तिघंही त्याच गाडीत होती. आणि गाडी चालवणारा रोशन तर ही गोष्ट अजून भेटेल त्याला सांगत असेल.

मी सविता. शारजात अल मजाजला, खाडीच्या लगूनसमोरच्या टॉवरात राहते. घर मुलाचं, सिद्धार्थचं. सून पर्णिका, नात अस्मी, मी आणि आमचे हे, अंबादास. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असं आमच्या वाईकडे होतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आता रोज सकाळी मीच त्यांना सांगते, तुमचं नाव अंबादास. ते म्हणतात, “असं का? छान नाव आहे.” मग चहा पितात.

पूर्वी दुबईत, करामा भागात आमची खानावळ होती. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं अशा जुन्या बिल्डिंगीत, कोपऱ्यावर. स्वयंपाकघर माझं, गल्ला त्यांचा. पिठलं, भाकरी, उसळ, शनिवारी थालीपीठ. यांची एक खोड होती. दारातून कुणीही आत आलं की हे गल्ल्यावरून उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, “या, बसा.” बँकेतला साहेब असो नाहीतर सिमेंटनं पांढरा झालेला, एकटा राहणारा बॅचलर मजूर असो, बसल्या जागेवरून कुणाला हात दाखवला नाही. मी म्हणायची, अहो गुडघे जातील तुमचे. ते म्हणायचे, आलेल्या माणसासाठी उठायचं नाही तर गुडघे करायचेत काय? पठाण टॅक्सीवाल्यांना वाटायचं, खानावळीचं नावच ते आहे. दारातूनच ओरडत यायचे, ‘याबसा, दो प्लेट.’

आणि दुसरी खोड. दुपारची गर्दी ओसरली की मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायची, “पानं वाढलीत, बसा.” ताटं स्टीलची, पण आमच्या तोंडी पानंच. ते यायचे, खुर्चीपाशी उभे राहायचे, टेबलाकडे बघायचे. मी पडले जन्माची ओट्याशी उभ्यानं खाणारी. टोपात उरलंसुरलं असेल ते भाकरीनं पुसायचं आणि कामाला लागायचं. आईला तसंच बघितलं, सासूला तसंच बघितलं. तर हे विचारायचे, “तुझं पान कुठंय गं?” माझं ताट शेजारी येऊन मी खुर्चीत टेकेपर्यंत हा माणूस बसायचा नाही. मी चिडायची. थंड होतंय, गिळा की. ते म्हणायचे, होऊ दे थंड. एवढंच आमचं प्रेम, बघा. याहून जास्त कधी काही बोललो असू असं मला तरी आठवत नाही.

मग हळूहळू ते विसरायला लागले. आधी हिशेब, मग रस्ते, मग माणसं. एकाच गिऱ्हाइकाला तीनदा पाणी द्यायचे. एकदा गाडी घेऊन घरी निघाले आणि शारजा ओलांडून अजमानच्याही पुढं सापडले, रस्त्याकडेला उभे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना ‘या, या’ करत. त्यानंतर खानावळ विकली. आता घरात लिफ्ट वाजली की उठतात. एसी साफ करणारा आला की उठतात. टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई दिसली की उठतात, ‘या, बसा’ म्हणतात, आणि ती बसलेलीच असते तरी हे उभे. त्यांना खाली बसवायला घरात एकच वाक्य चालतं. मी समोर जाऊन म्हणते, “पान वाढलंय, बसा.” ते बसतात आणि जेवतात.

पण विचारत नाहीत. ते विचारणं कधी बंद झालं तेही मला सांगता येत नाही. चहात साखर विरघळते ती काय सांगून विरघळते? माझ्याकडे बघतात, पण मी त्यांना दिसत नाही. फ्रीज, सोफा, खिडकी, मी, असं सगळं मिळून एक घर त्यांना दिसतं. मी पाणी दिलं की म्हणतात, “थँक्यू बाई, तुम्ही फार करता.” बाई म्हणे. आणि मी परत ओट्याशी उभ्यानं जेवायला लागले. विचारणारं कोण आहे? आजारी माणसावर राग धरू नये असं पर्णिका म्हणते. मला येतो. खूप येतो. रात्री त्यांच्या अंगावर पांघरूण घालते आणि मनातल्या मनात भांडते.

सिद्धार्थनं पुण्यात एक सेंटर शोधलं होतं. अशा माणसांना सांभाळणारं, चांगलं, स्वच्छ, झाडंबिडं असलेलं. फोटो दाखवले मला. मुलगा वाईट नाही माझा, आधीच सांगते. त्याला माझी कंबर दिसते, माझं रात्रीचं उठणं दिसतं. तो म्हणाला, “आई, बाबांना कोण करतंय तेच कळत नाही. तू केलंस काय आणि नर्सनं केलं काय, त्यांना सेम. मग तू का मरतेस?” रविवारी संध्याकाळी त्या लोकांना फोन करून हो की नाही ते सांगायचं होतं.

 तो म्हणतो ते खोटं नव्हतंच. मी आपलं मनाशी ठरवलं, एकदा, फक्त एकदा यांनी मला ओळखलं, तर मी कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. आणि नाही ओळखलं, तर सिद्धार्थचं खरं. मग आठवडाभर मी त्यांच्यासमोर काय काय नाही केलं. लग्नातला शालू नेसून बसले. जुनी भांडणं उकरून काढली. ते म्हणाले, “बाई, साडी सुरेख आहे. कुठं लग्नाला निघालात?”

त्या रविवारी सकाळी सिद्धार्थनं सिंह दाखवायला न्यायचं ठरवलं होतं. धैदच्या पुढं वाळवंटात कुणा शेखची मोठी खाजगी जमीन आहे, आत आफ्रिकेतून आणून सोडलेले सिंह आहेत आणि ओळखीवर आत घेतात म्हणे. “बाबांना जायच्या आधी एकदा छान फिरवून आणू,” तो म्हणाला. जायच्या आधी. मी ऐकलं आणि डब्यात गूळपोळ्या भरल्या.

निघालो तेव्हा धुकं होतं. इकडे थंडीत असं धुकं पडतं की समोरच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा कुणीतरी पुसल्यासारखे दिसतात. लगून नाही, टॉवर नाहीत, रस्त्याचे खांब तेवढे एकेक करून येत होते आणि जात होते. शहर संपलं तेही कळलं नाही. मग खजुरीची झाडं आली, बुंधे नसलेली, नुसते शेंडे वर तरंगत असलेले. एक उंट कुंपणाच्या कडेनं चालत गेला, त्याला पाय नव्हते. अस्मी मागच्या सीटवर झोपून गेली. पर्णिकाचीही मान कलली. सिद्धार्थ गाडी चालवत होता, पण तोही कुठं दुसरीकडेच असल्यासारखा. मला वाटलं, आपण सगळेच कुणाच्या तरी झोपेत आहोत आणि तो माणूस जागा होईपर्यंत असंच चालायचं आहे.

अंबादास खिडकीला नाक लावून बसले होते. खुश होते. “शिरवळ आलं का?” त्यांनी विचारलं.

“येतंय,” मी म्हणाले.

“शिरवळला उतरून चहा घेऊ. बाई, तुम्हीही घ्या.”

“घेते की.”

खरं सांगू, मलाही शिरवळ आलं असतं तरी नवल वाटलं नसतं. आम्ही नवीन लग्न झालेले, एसटीतून वाईला चाललेले, बाहेर असंच पांढरं, आणि हे माझ्यासाठी खिडकीची जागा सोडून उभे. ते मला इतकं जवळ वाटलं की मी हात पुढं करून काचेवरचा ओलावा पुसला. पलीकडे तांबडी वाळू होती.

गेटवर आमची गाडी ठेवून त्यांच्या उंच जीपमध्ये बसायचं होतं. वर ताडपत्रीचं छप्पर, कडेला बसल्यावर कमरेपर्यंत येणारे पत्रे, त्यावर सगळं उघडं. पुढं ड्रायव्हरशेजारी सिद्धार्थ, मधल्या बाकावर पर्णिका आणि अस्मी, मागं आम्ही दोघं. ड्रायव्हर म्हणजे हा रोशन. गुजरातचा, गीरच्या बाजूचा, तिथंही सिंह दाखवायला जिप्सी चालवायचा. तो जवळ आला तसे अंबादास बाकावरून उठले. “या, बसा.”

“मैं बैठ गया तो गाडी कौन चलाएगा, अंकलजी?” रोशन हसला आणि त्यांचा हात धरून त्यांना बसवलं. मग मागं वळून त्यानं आम्हाला नियम सांगितले. हात बाहेर काढायचा नाही. ओरडायचं नाही. आणि काही झालं तरी उभं राहायचं नाही.

“व्हाय?” अस्मीनं विचारलं.

“क्योंकि शेर को आदमी नहीं दिखता, बेबी. गाडी दिखती है.” रोशन सांगायला लागला. जंगलातला सिंह गाडीकडे एक आख्खं जनावर म्हणून बघतो, मोठं, पेट्रोलचा वास येणारं, बिनकामाचं. ते त्याला खात नाही आणि त्यालाही ते खाता येत नाही. मग कशाला त्याच्याकडे बघायचं? गीरमध्ये सिंहीण पिल्लं घेऊन जिप्सीच्या इतक्या जवळून जायची की तिची शेपटी टायरला लागायची, पण मान वळवायची नाही. उन्हाळ्यात गाडीच्या सावलीत येऊन झोपायची. आत सहा माणसं श्वास धरून बसलेली आहेत, हे तिच्या गावीही नसायचं. पण त्यातला एक जरी उभा राहिला, एकानं जरी पाय बाहेर टाकला, की त्या मोठ्या जनावराचा आकार मोडतो. “फिर उसको अलग दिखता है. एक आदमी. तब वो देखता है.” जंगलातले काय आणि इथले काय, आणले तेही जंगलातूनच, त्यामुळे नियम तोच, असं त्याचं म्हणणं.

“सो वी आर इन्व्हिजिबल?”

“इन्व्हिजिबल नहीं. दिखते हो, पर गाडी जैसे दिखते हो.”

 हे तर मला घरबसल्या माहीत होतं. मला कुणी गीरहून येऊन सांगायची गरज नव्हती.

जीप आत शिरली. धुकं आता जमिनीला टेकलं होतं आणि वर थोडं उजळलं होतं. वाळवंटातली ती गाफची झाडं मधूनच यायची, फांद्या खाली सोडून उभी, ओलसर. कुठं आवाज नाही. रोशननं इंजिन बंद केलं तेव्हा कानात कापूस घातल्यासारखं झालं. तो बोटानं दाखवत होता तिकडे मला आधी नुसती वाळू दिसली. मग वाळूचा एक उंचवटा उठला, त्यानं अंग झाडलं, आणि तो सिंह होता.

तो आमच्याकडेच चालत आला, घाई नाही, काही नाही. आमच्या सोसायटीतले म्हातारे सकाळी लगूनकडेनं फिरतात तसा. आयाळ धुक्यानं भिजून गळ्याला चिकटलेली. जीपच्या अगदी कडेनं गेला. मला त्याचा श्वास ऐकू आला, ओल्या गोणपाटासारखा वास आला. त्याचं डोकं माझ्या कोपरापाशी होतं. त्यानं डोळा फिरवला, तो माझ्यावरून गेला, बाकावरून गेला, पत्र्यावरून गेला, सगळ्यावरून सारखाच गेला, आणि तो धुक्यात शिरला.

“ही डिडंट इव्हन लुक अ‍ॅट मी,” अस्मी कुजबुजली. तिला वाईट वाटलं होतं.

“बघतच नाहीत गं ते,” मी म्हणाले. 

मग सिंहीण आली. ती कुठून आली ते कुणालाच दिसलं नाही. गाडीच्या मागच्या अंगाला, आमच्याच बाजूला, चार पावलांवर येऊन ती बसली. पुढचे पाय एकमेकांवर ठेवून, अगदी घरच्यासारखी. तिचे डोळे मधाच्या रंगाचे होते. ती आमच्या आरपार पलीकडच्या झाडाकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत बसले. भीती वाटत नव्हती. उलट इतकं शांत वाटत होतं की वाटलं, असंच बसून राहावं, संध्याकाळ होऊ नये, फोन होऊ नये. नाही दिसत तर नाही दिसत. हिला तरी कुठं दिसतोय आपण?

आणि शेजारी बाक करकरला.

अंबादास उठून उभे राहिले होते. सरळ, ताठ, छपराला डोकं लागेपर्यंत. एक हात छातीशी, एक हात पुढं.

“या, या,” ते म्हणाले. “बसा.”

सिंहिणीचं डोकं वर झालं. नुसतं वर नाही, तिचे कान पुढं आले आणि तिचे डोळे थांबले. इतका वेळ पाण्यासारखे सगळ्यावरून वाहणारे डोळे एका जागी थांबले, माझ्या नवऱ्यावर. तिला माणूस दिसला. तिनं पाय सरळ केले आणि खांदे खाली घेतले.

“अंकलजी.” रोशनचा आवाज एकदम हलका झाला होता. “बैठ जाओ. धीरे से.”

“बाबा, बसा ना,” सिद्धार्थ पुढून म्हणाला. त्यानं वळायचा प्रयत्न केला तसा रोशननं त्याच्या मांडीवर हात ठेवून त्याला थांबवलं. पर्णिकानं अस्मीचं तोंड आपल्या कुशीत दाबून धरलं होतं.

“अरे, आलंय ना कुणीतरी,” अंबादास त्याला रागावले. “दिसत नाही का तुला? पाणी ठेव आधी.”

“गाडी निकालो,” सिद्धार्थ रोशनला म्हणाला.

“हिली तो अंकल बाहर गिरेंगे. पहले बिठाओ.”

खरंच होतं ते. कडेचा पत्रा त्यांच्या मांडीलाही पोचत नव्हता. मी त्यांच्या सदऱ्याला धरलं आणि खाली ओढलं. ते हलले नाहीत. बसल्या जागेवरून मी म्हणाले, “अहो, पान वाढलंय, बसा.” त्यांना ऐकू गेलं नाही. कान अधू झालेत त्यांचे, आणि घरात हे वाक्य मी नेहमी समोर जाऊन, तोंड दाखवून म्हणते. ते तिकडे सिंहिणीकडे बघत होते, आणि सिंहीण त्यांच्याकडे. एक पाय तिनं पुढं टाकला होता.

मग मी उठले. धाडस वगैरे काही नाही, मी घाबरले होते. पण खानावळीत गर्दी असली आणि हे उभ्या उभ्या कुणाशी बोलत राहिले की मीच जाऊन मध्ये उभी राहायची, तसे पाय आपोआप उठले. रोशन म्हणाला, “आंटी, आप मत—” तोवर मी उभी होते. पत्र्याच्या आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरले, सिंहिणीकडे पाठ, तोंड यांच्याकडे. मानेवर मला तिची नजर कळत होती. आता तिला दोन माणसं दिसत असणार.

“पानं वाढलीत,” मी म्हणाले. “बसा.”

पान म्हणायचं सोडून पानं का म्हणाले, मला माहीत नाही. जुनं तोंडात आलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा नेहमीसारखं, माझ्यावरून पुढं. मग त्यांची नजर परत आली. माझ्या कपाळावर आली, तोंडावर आली, आणि थांबली. धुक्यातून तो रस्त्याचा खांब येतो ना, आधी नसतो आणि मग असतो, तसे ते त्यांच्या डोळ्यांत आले. कपाळाला आठी पडली. ती आठी मी किती दिवसांनी बघितली.

“तुझं पान कुठंय गं?”



“परत उभ्यानं जेवणारेस?” ते म्हणाले. “किती वेळा सांगायचं तुला?”

आणि ते बसेनात. मी बसल्याशिवाय हा माणूस बसणार नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मागं सिंहीण, पुढं नवरा, आणि मी मध्ये रडतेय. रोशन काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक देवाचं नाव.

“घेतलंय,” मी म्हणाले. “माझंही घेतलंय. हे बघा, बसले मी.” आणि मी त्यांचा हात न सोडता बाकावर बसले. त्यांनी मी बसले ते नीट बघितलं, मांडी टेकली की नाही तेसुद्धा. मग सदरा सारखा केला आणि माझ्या शेजारी बसले.

मी मान वळवली तेव्हा सिंहीण अजून तशीच होती, पाय पुढं टाकलेली. तिची नजर आमच्यावर होती. मग ती नजर सैल झाली. तिनं आम्हाला शोधलं असावं आणि आम्ही सापडलो नसू. परत ते एकच मोठं बिनकामाचं जनावर तिच्यापुढं उभं होतं. तिनं तोंड उघडून लांबलचक जांभई दिली, वळली, आणि आली तशीच कुठं गेली ते दिसलं नाही.

रोशननं गाडी चालू केली.  अंबादासांचा हात माझ्या हातात होता आणि मी तो पिळत होते. मला वाटलं, आता विचारावं, मी कोण? पण विचारायचा धीर झाला नाही. ते बाहेर बघत होते. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून हसले आणि म्हणाले, “बाई, शिरवळ मागं गेलं वाटतं. चहा राहिला.”

“राहू दे,” मी म्हणाले. “घरी जाऊन घेऊ.”

परत येताना धुकं उठलं होतं. सगळं जिथल्या तिथं होतं, झाडांना बुंधे होते, उंटांना पाय होते, शारजाच्या वेशीवर नेहमीचा जाम होता. सिद्धार्थ आरशातून सारखा मागं बघत होता, बाबांकडे नाही, माझ्याकडे. अस्मी अर्ध्या रस्त्यात म्हणाली, “आजी, आजोबा रेकग्नाइज्ड यू.” मी तिला गूळपोळी दिली.

घरी पोचेपर्यंत जेवायची वेळ झाली. मी वरण गरम केलं, भात लावला. यांचं पान वाढलं. सिद्धार्थ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, हातात फोन. “आई, त्यांना संध्याकाळी सांगायचंय,” तो म्हणाला. आवाज पडलेला होता त्याचा. “आजचं मी बघितलं. पण एकदाच झालं गं ते. परत होईल असं नाही.”

“नाहीच होणार, धरून चाल,” मी म्हणाले. “तू आत्ताच कर फोन. त्यांना एवढंच विचार. ह्यांनी तिथं कधी चुकून विचारलं, तुझं पान कुठंय म्हणून, तर उत्तर द्यायला तिथं कोण असेल?”

 त्यानं फोन खिशात टाकला, मांडणीवरून आणखी एक ताट काढलं, धुतलेलंच होतं तरी परत नळाखाली धरलं, आणि नेऊन बाबांच्या शेजारी ठेवलं.  

मी बाहेर जाऊन म्हणाले, “पानं वाढलीत, बसा.” अंबादास आले आणि सरळ बसले. माझ्या ताटाकडे त्यांनी बघितलंही नाही. भात कालवला, एक घास घेतला.

“बाई,” ते म्हणाले, “मीठ द्या जरा.”

मी मीठ दिलं, आणि बसून जेवले.